विना स्पीकर, प्रवेश मोफत

मंठा रोडवरच्या बारवाल्याने मोबाईलवर पोस्टर पाठवलं तेव्हा मी गोदामात वायरी गुंडाळत होतो. शनिवारी गिटारवर गाणी, प्रवेश मोफत, आणि खाली ठळक अक्षरांत ‘विना माइक, विना स्पीकर’. जुन्या जालन्यात माझा साउंड भाड्याने देण्याचा धंदा. ती ओळ मलाच उद्देशून छापली, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच्या बारच्या उद्घाटनाला मी निम्म्या भाड्यात सगळा साउंड लावला होता. तेव्हा म्हणाला होता, “भाऊ, इथं गाणं झालं तर काम तुमचंच.” शब्द मी मागितला नव्हता, त्याने आपणहून दिला होता.

लग्नसराई संपत आली होती. तिथून गणपतीपर्यंत माझे दोन कामगार बसून राहतात. मागच्या पावसाळ्यात एक चांगला माणूस असाच दुसऱ्या गावी गेला, तो परत आला नाही. दर शनिवारचं काम मिळालं तर हे दोघे टिकणार होते. म्हणून टेम्पोत स्पीकरचे दोन बॉक्स टाकले, वर ताडपत्री ओढली आणि शनिवारी आठ वाजता जाऊन बसलो. आपण विचारायचं नाही, त्याला विचारायला लावायचं. सौद्यात आधी तोंड उघडणारा खाली येतो.

गाणारा आष्टीकडचा एक शिक्षक. प्लास्टिकच्या खुर्चीवर मधोमध बसून गिटार छेडत होता. पहिलं गाणं तिसऱ्या टेबलापलीकडे गेलंच नाही. मागून एकजण ओरडला, “मास्तर, गाणं म्हणून राह्यले का पाढे?” सगळे हसले.

बारमालक माझ्याजवळ आला. “कसं वाटून राह्यलं, भाऊ?”

“मी गिऱ्हाईक आहे. सोडा पिऊन राह्यलो.”

“मंग बाहेर टेम्पोत काय झाकून आणलं?”

“कांदे.”

तो हसला आणि काउंटरकडे वळला. अजून एक गाणं असंच पडलं की हा आपणहून विचारणार, याची मला खात्री होती.

पण मला बसवेना. दोन कूलर घरघरत होते. काउंटरमागच्या फ्रिजवर रिकाम्या बाटल्या ठेवल्या होत्या आणि फ्रिज सुरू झाला की त्या किणकिणायच्या. आमच्या कामात आवाज वाढवणं नंतर येतं, आधी अशी घरघर काढावी लागते. मास्तर त्या कूलरशी भांडत होता. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, सूर चढून बेसूर होत होता. बोटं मात्र बराबर पडत होती. माणूस चांगला वाजवत होता आणि कोणाला कळत नव्हतं. मी पाय हलवत होतो, पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होतो. गप्प बस, असं स्वतःलाच दोनदा बजावलं.

तिसऱ्या गाण्याला उठलो. दोन्ही कूलर बंद केले. बाटल्या खाली उतरवल्या. मास्तरची खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली, पाठीला भिंत येईल अशी. म्हणालो, “मास्तर, ओरडू नका. घरात म्हणता तसं म्हणा.”

त्याने बदलीच्या गावाला निघालेल्या माणसाचं स्वतःच रचलेलं गाणं म्हटलं. शेवटच्या टेबलापर्यंत शब्दन् शब्द पोचला. लोक घामाने भिजले, मेनू कार्डाने वारा घेत राहिले, पण कूलर लावा असं कोणी म्हणालं नाही. मघाशी पाढे काढणाऱ्यानेच ते पुन्हा म्हणायला लावलं.

मालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊ, तुम्ही तर बिना बॉक्सचंच जमवलं! आता दर शनिवारी असंच करू.”

“आणि मी?”

“तुम्ही या ना ऐकायला. फुकटच तर आहे.”

माझं डोकं फिरलं. “उद्घाटनाला शब्द दिल्ता का न्हाई तू? का तो बी फुकटच होता?”

मास्तर कडव्यात थांबला. मागून कोणीतरी म्हणालं, “ओ साउंडवाले, आवाज कमी करा!” हशा झाला. मालकही हसला. मी सोड्याचे पैसे टेबलावर टाकून बाहेर पडलो.

माझ्या दोन कामगारांतल्या एकाला मी सोमवारी परतूरच्या ओळखीच्या साउंडवाल्याकडे पाठवलं. निघायच्या आधी तो पिशवी भरत होता. म्हणाला, “शनिवारचं काम मिळणार होतं ना, मालक?”

“त्यांना गरज न्हाई.”

“बिना बॉक्सचं मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं?”

“गेलं.”

“असं कसं?”

मी त्याला बसभाडं दिलं आणि गाडी चुकेल म्हणून घाई केली. शब्द बारवाल्याने मोडला, हे मी सगळ्यांना सांगतो. कूलर कोणी बंद केले ते त्या कामगाराला मात्र सांगितलं नाही.