पूर्ण मिनिट

माझी आत्या हॉस्पिटलात सिस्टर होती. बायकांचा वॉर्ड, चौथा मजला. तिथे तिच्या पाठीमागे तिला सगळे 'पूर्ण मिनिट' म्हणायचे. बाकीच्या सिस्टर पंधरा सेकंद नाडी मोजायच्या, चारने गुणायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. आत्या मात्र पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवून, छातीवर उलट्या लावलेल्या घड्याळाकडे बघत, साठच्या साठ सेकंद उभी. तीस खाटा असल्या तर तीस मिनिटं. डॉक्टरांचा राउंड खोळंबायचा. एकदा एक तरुण डॉक्टर वैतागून म्हणाला की सिस्टर, जरा आटपा. तिने हातानेच त्याला थांबवलं, मोजणं पुरं केलं आणि सांगितलं की मनचा आकडा हवा असेल तर तुमचा तुम्हीच लिहा, त्यासाठी मी कशाला लागते.

अशी होती. हट्ट आमच्या घराण्यातच आहे. मला तो बाबांकडूनही आला आणि तिच्याकडूनही, म्हणजे दुप्पट. त्यात माझ्या जिभेला हाड नाही. आई-बाबा दोघंही कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे मला वाढवलं आत्यानेच. तिने लग्न केलं नव्हतं. आमची दोघींची खोली एक, कपाट एक, आणि भांडणं रोजची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मला टायफॉइड झाला. मी आठशे मीटर पळायचे. आदल्या वर्षी विद्यापीठाच्या संघात माझी निवड एका नंबराने हुकली होती, आणि या वर्षीची निवड म्हणजे माझी शेवटची संधी. तीन आठवडे अंथरुणात पडून उठले तेव्हा माझ्या पोटऱ्या सैल होऊन लोंबत होत्या आणि न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. निवडीला दहा आठवडे उरले होते.

आमचे खेळाचे सर कमी बोलायचे. त्यांनी कागदावर आखून दिलं. पहिले दोन आठवडे नुसतं चालायचं. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. एक दिवस मेहनत केली की दुसरा दिवस हलका, आणि आठवड्यातून एक दिवस बुटांना हातसुद्धा लावायचा नाही. पोटभर खायचं, आठ तास झोपायचं. आणि एक वही ठेवायची. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी नाडी किती पडते ते त्यात लिहायचं. शरीर थकलेलं असलं की ते आधी नाडीत दिसतं, आपल्याला कळतं फार उशिरा, असं त्यांचं म्हणणं. नेहमीपेक्षा आठ-दहाने वर गेली तर त्या दिवशी पळणं बंद. मात्र आकडा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लिहायचा, कारण पळणाऱ्यांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

दुसरं कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायलाच नको. रोज साडेपाचला आत्या माझ्या खाटेच्या कडेला बसायची. तिची बोटं गार असायची. मी उशीला कान लावून पडून राहायचे. पूर्ण मिनिट. मग आकडा सांगायची आणि वहीत लिहायची. पाचव्या आठवड्यात नाडी अठ्ठावन्नवर स्थिरावली आणि सर पहिल्यांदा हसले.

तिथेच माझं डोकं फिरलं. पाय हलके वाटायला लागले होते. वाटलं, हे असं मुंगीच्या पावलांनी चालले तर बाकीच्या पोरी केव्हाच पुढे निघून जातील. मैदानावर सरांची नजर असायची, म्हणून मी हॉस्पिटलचा मागचा जिना शोधून काढला. हलक्या दिवशी आत्याचा डबा पोचवायला मी स्वतःहून जायला लागले. घरच्यांना माझं केवढं कौतुक. डबा कोपऱ्यात ठेवायचा आणि चार मजले वर, चार मजले खाली, असं दहा वेळा, बारा वेळा. मग घाम पुसून वॉर्डात शिरायचं.

दोन आठवड्यांत नाडी चौसष्ट झाली, मग अडुसष्ट. जेवण जाईना, झोप लागेना, कोणी साधं काही विचारलं तरी मी अंगावर जायचे. आत्या अडुसष्ट म्हणजे अडुसष्टच लिहायची आणि सर मला घरी पाठवायचे. घरी पाठवलं की मी जिन्यावर जायचे. आज मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

शेवटी झाडणाऱ्या बाईने आत्याला विचारलं, सिस्टर, तुमची भाची जिन्यात रोज काय शोधते? निवडीच्या आधीचा सोमवार होता. आत्या घरी आली, चपला काढल्या आणि माझ्यासमोर बसली. ओरडली नाही. तिने सांगितलं की ताप उतरला म्हणजे शरीर परत आलं असं नसतं, मोठ्या तापानंतर हृदय कच्चं राहू शकतं, अशा माणसाने घाई केली तर काय होतं ते तिने खाटेवर पाहिलंय. या रविवारी पळायचं असेल तर आजपासून नुसती विश्रांती घे, म्हणाली. मग नाडी उतरेलही कदाचित. नाही उतरली, तर नाही पळायचं.

त्यावर मी जे बोलले ते इतक्या वर्षांनीही मला जसंच्या तसं आठवतं.

"तुला काय कळणार? तुझं स्वतःचं असं कोणीच नाही. म्हणून दुसऱ्याच्या आयुष्यावर पाळत ठेवतेस."

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

पुढचे पाच दिवस मी तिच्याशी अक्षर बोलले नाही. ती सकाळी यायची, मी तोंड भिंतीकडे करून हात मागे द्यायचे. त्र्याहत्तर. बहात्तर. पंच्याहत्तर. विश्रांती घेत होते खरी, पण नुसती आडवी पडून जळत होते. नाडी काही उतरेना.

रविवारी ती आली. मी हात दिला. दोन महिने रोज तसं पडून राहिल्यामुळे मला एक सवय लागली होती, जी तिला माहीत नव्हती. उशीवर दाबलेल्या कानात मला माझे ठोके ऐकू यायचे, आणि ती मोजायची तेव्हा मीही मनातल्या मनात मोजायचे. आमचा आकडा नेहमी जुळायचा, फार तर एखाद्याचा फरक. त्या दिवशी माझे चौऱ्याहत्तर झाले.

"अठ्ठावन्न," आत्या म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती वहीत लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने वही माझ्या उशाशी ठेवली, पांघरूण नीट केलं आणि ड्युटीवर निघून गेली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मी उठून बूट घातले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंदच झाला होता.

मैदानावर सरांनी वही मागितली. मला वाटलं, आता ते स्वतः माझा हात धरतील आणि सगळं संपेल. त्यांनी आकडा पाहिला, मग माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जरा घुटमळले. पण मग त्यांनी वही मिटली.

"तुझ्या आत्याने लिहिलंय ना, मग मी बघायला नको. जा."

छातीवर नंबर लावून मी रेषेकडे निघाले. बाकीच्या सात जणी हातपाय झटकत होत्या. मला तर तिथे चालत जातानाच धाप लागली होती. पण पाय अडखळले ते धापेने नाही. मला दिसत होती ती खाटेच्या कडेला बसलेली, ठोके पूर्ण मिनिटभर मोजणारी आणि तरीही अठ्ठावन्न म्हणणारी. त्या बाईने उभ्या जन्मात खोटा आकडा लिहिला नव्हता. तो माझ्या तोंडाने तिच्याकडून लिहवून घेतला होता. मी परत फिरले. सरांना म्हटलं, चौऱ्याहत्तर आहे. त्यांनी माझं मनगट धरून मोजलं आणि नंबराच्या पिना काढल्या. माझ्यामागे शर्यत सुरू झाली. मी बघायला थांबले नाही.

तिथून थेट वॉर्डात गेले. आत्या टेबलाशी उभी होती, पुढ्यात सगळ्या खाटांचे नाडीचे तक्ते पसरलेले. मला दारात बघून तिने टेबलाची कड धरली. मी सांगितलं की पळले नाही, सरांना खरं सांगून आले.

"तुला कळलं होतं?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला पळायचं होतं."

ती खाली बसली. म्हणाली, "मलाही तू पळायला हवी होतीस. दुपारी कोणी तुझी बातमी आणेल म्हणून सकाळपासून जिन्याचा आवाज ऐकतेय. तू पडलीस अशीच बातमी येणार असं वाटत होतं." आवाज साधाच होता, पण ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं की तिने सकाळी स्वतःजवळचं काय मला उचलून दिलं होतं. मी म्हटलं, त्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं. 

तेवढ्यात शिकायला आलेली एक नवी सिस्टर तक्ते न्यायला आली. कोवळी पोर, आत्याला घाबरून असायची. आत्याने सगळे तक्ते गोळा केले आणि तिच्या हातात दिले.

"हे मी आज सकाळी मोजलेत," आत्या तिला म्हणाली. "प्रत्येक खाटेवर जा आणि तू पुन्हा मोज. जिथे फरक येईल तिथे माझा आकडा खोड."

त्या पोरीला वाटलं, आपली परीक्षा घेतायत. ती पहिल्या खाटेपाशी गेली. आत्या तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली, आणि मला तिच्याजवळ जायचंही धाडस होईना.