हापशाच्या पाइपाला गुंडाळलेला पत्रा

अहमदपूरच्या ज्युनियर कॉलेजात ईश्वरप्पा सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी गणित. माणूस हुशार, पण इतका भिडस्त की माझ्या डोक्यात जायचा. हॉटेलात गार चहा आला तरी गुपचूप पिणार. वर्गात मात्र वाघ. इलेक्ट्रोकेमिस्ट्री सुरू झाली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा माना वर करायची.

"जस्त इलेक्ट्रॉन देऊन टाकायला उतावीळ," ते सांगायचे. "लोखंड जरा कमी. तांबं सहसा देतच नाही. लोखंडाला तांबं चिकटवा, क्षाराच्या पाण्यात बुडवा, झाला सेल तयार. इलेक्ट्रॉन देणारा झिजतो, तो ॲनोड. तांबं कॅथोड, ते शाबूत राहतं."

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि दोन वर्षं धड पाऊस नव्हता. सरांच्या गावाला नव्या जिल्ह्यातून एक बोअर मंजूर झाली. पाणी लागलं, मचूळ, पण अख्ख्या गावाला तेवढंच. सरांच्या आईचा, नागम्मांचा, नवस होता: पाणी लागलं तर पूजेचा तांब्याचा गडू ठोकून त्याचा पत्रा हापशाच्या पाइपाला गुंडाळीन, म्हणजे गंगा आटायची नाही. पाइप खाली सोडायच्या दिवशी हलगी वाजली, गाव जमलं. मेकॅनिक सिद्धरामनं पत्रा हातात घेऊन विचारलं, "सर, गुंडाळू का?" पाइप लोखंडाचा, वर जस्ताचा मुलामा. काय होणार ते सरांना तिथंच कळलं होतं. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुंडाळ."

वर्षभरात पाणी गंजट यायला लागलं. एका सकाळी हापशाचा दांडा एकदम हलका झाला. पाइप वर ओढला, तर पत्र्याच्या खालीच तो कुरतडल्यासारखा तुटलेला. पत्रा जागच्या जागी, धडधाकट. तुटलेला भाग बोअरमध्ये अडकून बसला. बायका पाण्यासाठी दीड कोस चालू लागल्या, त्यांत सत्तरीच्या नागम्माही.

गावानं खापर सिद्धरामवर फोडलं. म्हणे आटेच नीट आवळले नाहीत. रोजंदारीचा माणूस, तक्रार वर गेली की त्याचं काम सुटणार. सरांनी मला सगळं सांगितलं आणि मग आठ दिवस रोज येऊन तेच उगाळायचे. शेवटी मी भडकलो. "पोरांना सांगता ते गावाला सांगायला काय होतं?"

"अव्वाला कसं सांगू? आईचा नवस तो."

रविवारी मी त्यांना एसटीत बसवलं आणि शेजारी स्वतःही बसलो. त्यांच्या गावी पारावर सिद्धरामविरुद्धच्या तक्रारीच्या कागदावर अंगठे घेणं चाललं होतं. सर उभे राहिले.

"सिद्धरामची चूक न्हाई," ते म्हणाले. "तांब्याच्या पत्र्यानं पाइप खाल्ला. मला आधीपासून ठाऊक होतं. मीच बोललो न्हाई."

नागम्मा घागर घेऊन तिथंच थांबल्या होत्या. "तुला ठाऊक होतं?"

"हाव, अव्वा. तुझं मन मोडंल म्हणून..."

म्हातारीनं घागर खाली ठेवली. "समद्या बाया उन्हात पाणी वाहून राहिल्या. त्या दिवशी एक शब्द बोलला असतास, तर म्याच पत्रा काढून घेतला असता. लोकांच्या लेकरांना समजावून सांगतूस. तुझी माय तुला येडी वाटली का रे?"

अंगठे घेणं थांबलं. तक्रारीचा कागद कुणीतरी घडी करून खिशात घातला. घागर उचलायला सरांनी हात पुढं केला. नागम्मांनी तो बाजूला सारला आणि घागर स्वतःच कमरेवर घेतली.