घरमालकांचं वालाचं बी

उंदरांशी वैर कसं धरावं आणि दर खेपेला कसं हरावं, हे आमच्या घरमालकांइतकं इमानाने उभ्या अंबडात कुणी दाखवलं नसेल. तहसीलमधून निवृत्त झालेला गृहस्थ. परसात टीचभर बाग, आणि अक्कल तिच्याहून तोकडी. गवारीचं बी राखेत घालून गाडग्यात ठेवलं, वर फडकं बांधलं; उंदरांनी आधी फडकं खाल्लं, मग बी. गुलछडीचे कांदे लावून वर तिखट शिंपडलं; सकाळी कांदे गायब, आणि मालक दिवसभर शिंकतायत. बरं, उंदीर मारावा तर तेही नाही. दर संकष्टीला राजूरच्या गणपतीला जाणारा माणूस! "देवाच्या वाहनाला औषध घालू? पाप न्हाई का लागणार?" पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते कोर्टामागे नेऊन सोडत आणि वाटेत त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत. तो बहुधा त्यांच्या आधी घरी पोचत असावा. पिंजरा लावायचा बेत घरात मोठ्याने बोलायचा नाही, उंदीर ऐकतात म्हणे. म्हणून मला परसात बोलावून कानात सांगत. मी भाडेकरू, ऐकून घ्यायचो.

बहात्तरच्या दुष्काळात आड आटला, बाग करपली. घरात उरलं ते ओंजळभर वालाचं बी. मालकीणबाईंनी माहेरून, वाटूरहून आणलेला वाण. तो त्यांनी दरसाल जपला आणि दुष्काळाच्या आधीच त्या गेल्या. तसा वाल गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आता हे बी तरी माणसाने पत्र्याच्या डब्यात ठेवावं? छे! मालकांनी ते वाटीत घालून थेट देव्हाऱ्यात, गणपतीपुढे ठेवलं. "धन्याच्या म्होरचं वाहन खाईल का? बिलकुल न्हाई!" मी म्हटलं, "काका, उंदीर रोज नैवेद्याचा गूळ खायला तिथंच तर येतात." त्यावर मला नास्तिक ठरवून ते झोपायला गेले. सकाळी वाटी रिकामी. मी विचारलं, "आता तक्रार राजूरला करायची का?" ते वाटी हातात धरून नुसते बसून राहिले.

मृग तोंडावर आला होता. दुपारी ते कुदळ घेऊन न्हाणीमागच्या बिळाशी गेले. दुष्काळात लोकांनी उंदरांची बिळं उकरून दाणे काढलेले त्यांनी पाहिले होते. म्हटलं, चला, शेवटी डोकं चाललं! गुडघाभर खणल्यावर वालाचा ढीग लागला, आणि शेजारीच उंदराची गुलाबी, आंधळी पिल्लं. मालकांनी बी धोतराच्या सोग्यात भरलं, थोडा विचार केला, आणि त्यातलं निम्मं परत बिळात ठेवून वर हलक्या हाताने माती लोटली. मी कपाळावर हात मारला. "हिनं या वाणाचं बी मागणाऱ्याला कधी रिकामं धाडलं न्हाई," ते म्हणाले. "आता मी कंजुषी केली तर बोलंल ना मला."

थंडीत वेल मांडवभर पसरला. पहिल्या शेंगा घेऊन ते आमच्या दारात आले, कारण त्यांच्या घरी आता भाजी करणारं कुणी नव्हतं. माझ्या बायकोने मन लावून भाजी केली. ते पहिला घास बराच वेळ चघळत राहिले.

"न्हाई पोरी," शेवटी म्हणाले, "तिच्यावानी न्हाई झाली." आणि ताट पुढे केलं, "वाढ अजून."

बायकोने वाढलं. मी पाण्याचा तांब्या तेवढा त्यांच्याकडे सरकवला.