पंचमीचा चाकू

लढाईची वर्षं होती. सांगलीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यातून एक तरुण गोरी बाई आमच्या गावात आठवडाभरासाठी आली. आमचं गाव शिराळ्यापासून चार कोसांवर. दोन पेट्या घेऊन ती बैलगाडीतून उतरली आणि शाळेच्या खोलीत राहिली. विलायतेहून येऊन तिला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मराठी ती पुस्तकातून शिकली होती आणि ते लपत नसे. वाटेत आडव्या आलेल्या म्हशीलाही ती "आपण जरा बाजूला व्हावे" म्हणाली, तेव्हा माझी आई पदर तोंडात कोंबून हसली.

सकाळी ती डोळ्यांत औषध घालायची, खरजेला मलम द्यायची. त्याआधी येशूची एक गोष्ट सांगायची. बायका ती निमूट ऐकून घेत आणि मग मलम मागत. ते तिच्या ध्यानात येत होतं, पण तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. मला ती आवडायची. तरी तिच्यासमोर जाताना मी उजवी मूठ मिटून ठेवायची.

कारण असं की सोमवारी माझ्या तळहातात बाभळीचा काटा मोडला होता. मी दहा वर्षांची, आणि गुरुवारी नागपंचमी. वडाला झोका बांधलेला. हात दुखतोय म्हटलं की झोका बंद, एवढं मला पक्कं माहीत होतं. बुधवारी हात टम्म फुगला, तेव्हा मी त्यावर मेंदीचा जाड थर थापला. दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्याच मुलींचे हात लाल, त्यात माझा कोण बघतोय? स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

बुधवारी आईचा उपास होता. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका भावासाठी उपास धरतात. आईला एकच भाऊ. तो पलटणीत होता आणि समुद्रापलीकडे कुठंतरी लढत होता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. आईनं त्या दिवशी पाणीसुद्धा बेतानंच प्यायलं.

पंचमीला घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. विळी आईनं फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेली. पुरुष शिराळ्याला नाग बघायला गेलेले. मी झोक्यावर चढले, दोन हेलकावे घेतले, आणि उजव्या हातातून दोर सुटला. पडले ती आईच्या पुढ्यातच. बाई तिथंच उभी राहून झोके बघत होती. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. अंगात ताप होता. घरी आणून तिनं गरम पाण्यानं मेंदी खरवडली. मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती.

"हे आजच कापले पाहिजे," बाई म्हणाली. "उद्या उशीर होईल. हात जाईल, कदाचित मुलगीही."

"आवं बाई, आज चाकू लावायचा न्हाई," आई म्हणाली.

"का?"

"भावाला लागतं. माजा भाऊ लढाईवर हाय. चार म्हयनं कागुद न्हाई त्याचा."

बाईनं आईला समजावलं नाही, की गोष्ट सांगितली नाही. मग जराशी हसून म्हणाली, "चाकू माझा आहे. कापणार मी आहे. माझाही एक भाऊ आहे, तोही लढाईवर आहे. लागायचे असेल तर त्याला लागेल."

तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आईचा होता. आईनं माझ्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं. मग ती खाली बसली आणि तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

दिंडं उकडायच्या चुलीवरच बाईनं चाकू उकळला. मी गाव डोक्यावर घेतलं. पू निघाला, काट्याचं टोक निघालं. संध्याकाळी बाईनं आमच्या ओसरीवर बसून पुरणाची तीन दिंडं खाल्ली. शनिवारी पट्टी बदलून ती गेली. आईनं तिच्या गाडीत लाह्यांचं गाठोडं ठेवलं.

दिवाळीच्या आधी मामाचं पत्र आलं. खुशाल होता. पुढच्या उन्हाळ्यात मिशनची दुसरी, वयस्क बाई गावात आली. आईनं तिला विचारलं ते एवढंच, की त्या धाकट्या बाईंचा भाऊ कसा आहे. तो हिवाळ्यातच लढाईत मारला गेला होता. धाकटी बाई मायदेशी परतली होती.

त्या साली आईनं दोन उपास केले. आदल्या दिवशी मामाचा, आणि ऐन पंचमीला, घरात पुरण शिजत असताना, दुसरा. मामा लढाईवरून परत आला, दर पंचमीला आमच्याकडे येऊ लागला. एकदा पानावर बसल्यावर त्यानं विचारलं, "आक्का, ह्यो उपास कुनाचा गं?" आई म्हणाली, "बाईंच्या भावाचा." त्याचं नाव तिला माहीत नव्हतं.

मोठी झाल्यावर मी तिच्याशी वाद घातला. गोळीला पंचमी कळत नाही, म्हटलं. मला तिचा राग यायचा, कारण त्या उपासात माझाही हात होता. ती म्हणायची, "ठावं हाय मला. पर मी मनात व्हय म्हनले हुते नव्हं?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी हायस्कुलात तीस वर्षं शास्त्र शिकवलं. पंचमीला सुना दिंडं करतात आणि पान वाढून हाक मारतात. पोट बिघडलंय, असं मी त्यांना दरवर्षी सांगते.