मेमरी कार्डातला इतिहास

आई-बाबा गावच्या तलावात मासोळ्या धरायचे. जाळं रिकामं आलं की घरी नुसता भात शिजायचा. दहावीत मी इतिहासात नापास झाले, तेव्हा बाबा म्हणाले, "आता पास निघाली नाई, तं शाळा बंद." शाळेत इतिहासाला शिक्षक नव्हता. धडे इंटरनेटवर होते, पण गावात नेटवर्क नव्हतं.

आरमोरीच्या आठवडी बाजारात एक मोबाइलवाला मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. कानावर पेन, नजर कायम कॉम्प्युटरवर. बाबांच्या मोबाइलमधलं कार्ड काढून मी त्याला दिलं आणि दहावीचा इतिहास भरायला सांगितला.

घरी लावलं, तर आधी आमच्याकडच्या झाडीपट्टी रंगभूमीचं ऐतिहासिक नाटक आणि मग धडे. पुढच्या बाजाराला मी भांडले, "भाऊ, नाटक काऊन टाकलं?"

तो मान न उचलता हसला. "इथी इतिहास म्हनलं का सारे नाटकच मागतात वं पोरी. घरच्याईले दाखव. त्याईले गोडी लागली, तं तुले अभ्यासावरून कोनी उठवनार नाई."

तसंच झालं. जाळं विणता विणता आई विचारायची, "मंग त्या राजाचं पुढं खरंच काय झालं?" तिला सांगायला मी धडा पुन्हा ऐकायची.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्यासाठी मी 'इतिहासवाली' होते. आता गावात टॉवर आहे आणि बाजारात त्या मोबाइलवाल्याच्या जागी कपड्यांचं दुकान. मी आता शाळेत इतिहास शिकवते; वर्गात मोबाइलवर धडा दाखवण्याआधी मी अजून नाटकातला एक प्रवेश लावते.

इतिहास घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.