उद्याची थंडी ओळखणारे काका

उद्या किती थंडी पडणार हे आदल्या संध्याकाळीच ओळखणारा माणूस अख्ख्या मिनेसोटात एकच आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. टीव्हीवरचे हवामानवाले आणि फोनमधली ॲप्स ही मंडळी काकांच्या मते अंदाजपंचे बोलतात. काका स्वतः अंगणात उतरतात, हातमोजा काढून पंजा हवेत धरतात, दोनदा नाक ओढतात आणि निकाल देतात, "उणे बारा. फार तर उणे चौदा." दुसऱ्या दिवशी उणे तेरा असलं की त्यांच्या चेहऱ्यावर बोर्डात आलेल्या मुलाच्या वडिलांचं समाधान असतं.

हा नुसता छंद नव्हता, त्यांचं घरच त्यावर चालायचं. ईडन प्रेरी गावाच्या पार कडेला आमची जुनी घरं आहेत. सगळ्यांकडे घर तापवणारी गॅसची फर्नेस, काकांकडे मात्र विटांचे हीटर. भिंतीलगत तीन भलेमोठे पेटारे आणि त्यांच्या पोटात जड विटा. रात्री अकरा ते सकाळी सात वीज स्वस्त, तेवढ्याच वेळात त्या विटा तापणार आणि मग दिवसभर हळूहळू ऊब सोडणार. दिवसा त्यांना वीज मिळायचीच नाही. एक चावी किती ऊब साठवायची ते ठरवते, दुसरी किती सोडायची ते. म्हणजे उद्याच्या थंडीचा हिशेब आज झोपण्यापूर्वीच झाला पाहिजे. कमी साठवलं तर दुपारी चारला घर गारठतं, जास्त साठवलं तर खिडक्या उघडाव्या लागतात, आणि भर जानेवारीत खिडकी उघडण्याइतकं मोठं पाप काकांच्या शास्त्रात दुसरं नाही.

चाळीस वर्षं असं एक दिवस पुढे जगल्यामुळे माणसाचं जे व्हायचं तेच झालं होतं. बर्फाचं फावडं ते जुलैत घ्यायचे. विमान पकडायचं असलं की ते इतके लवकर पोचायचे की काउंटरवरची बाई त्यांना आधीच्या विमानाचे प्रवासी समजायची. माझ्या वाढदिवसाचा फोन आदल्या दिवशी येतो. "उद्या गडबडीत असशील," असं त्याचं स्पष्टीकरण. पाहुण्यांकडेही ते उष्णतेच्या दृष्टीनेच बघत. आम्ही चौघं जेवायला गेलो की काका उठून ऊब सोडायची चावी थोडी मागे फिरवत. "माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा असतो. राजकारणावर बोलायला लागला की दोनशेचा," असं ते गंभीरपणे सांगत. एका संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकवाला पंधरा जणींना बोलावलं होतं. पंधरा बायकांची ऊब गृहीत धरून काकांनी आदल्या रात्री विटा निम्म्याच तापवल्या. सकाळी बर्फाचं वादळ आलं आणि एकेकीने फोन करून "काकू, यायचं कॅन्सल करते हं" म्हणून कळवलं. संध्याकाळी आम्ही डोकावलो तेव्हा दोघं ओव्हरकोट घालून तिळगूळ खात बसली होती. काकू म्हणाल्या, "यांनी पाहुण्या विटांसारख्या मोजल्या, आणि त्या आल्याच नाहीत."

या हिवाळ्याच्या सुरुवातीला काकूंना न्यूमोनिया झाला. आठ दिवस त्या हॉस्पिटलात होत्या. डॉक्टरांनी घरी सोडताना एकच अट घातली, खोली सत्तर फॅरनहाइटच्या, म्हणजे भारतातल्या हिशेबाने एकवीस अंशांच्या, खाली जाता कामा नये. काका-काकूंचा मुलगा दूर दक्षिणेत, उबदार अल्फारेटाला असतो. त्याने फोनवर बापाला स्पष्ट सांगितलं, "बाबा, मी येऊन बघणार. घर वॉर्म नसेल तर आईला मी माझ्याकडे घेऊन जाणार, नो आर्ग्युमेंट्स." काकांनी मला अंगणात गाठून म्हटलं, "बघू दे त्याला. बहात्तर करून ठेवतो." पण हात हवेत धरायचं त्या दिवशी ते विसरले. काकूंचं घर सुटतं की काय, ही धास्ती त्यांच्या डोळ्यांत मला दिसली होती.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी आठला त्यांचा फोन आला. "लगेच ये," एवढंच म्हणाले. मी गेलो तर घरात माझ्या तोंडातून वाफ निघत होती. भिंतीवरच्या थर्मामीटरने सेहेचाळीस दाखवलं. काका रात्रभर हॉस्पिटलातल्या खुर्चीवर बसून नुकतेच परतले होते. तिन्ही हीटर थंडगार पडले होते, आणि त्यांच्याकडे बघून माझा विश्वासच बसेना. एकावर रजई, दुसऱ्यावर दुलई आणि बेडरूममधल्या हीटरवर काकूंची नऊवारीची गोधडी, चारही बाजूंनी नीट खोचलेली.

"घरात कोणी नाही, उगाच ऊब वाया जाईल, म्हणून काल जाताना गुंडाळलं," काका पुटपुटले. विरजणाचं भांडं थंडीत गुंडाळून ठेवतात ना, तसं! ज्या माणसाने चाळीस वर्षं त्या हीटरवर कोणाला हातरुमाल वाळत घालू दिला नाही, त्याने काळजीच्या भरात हे केलं होतं. आतली उष्णता कोंडली आणि हीटर जळू नयेत म्हणून त्यांच्यातलं सुरक्षेचं बटण पडून वीज तुटली, रात्री विटा तापल्याच नाहीत. नशीब, आग लागली नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बटण बसवून देतो, पण विटा तापणार रात्री अकरानंतरच. मुलगा बाराला येणार होता आणि काकू चारला.

मग आमची एकच धावपळ झाली. मी घरून दोन छोटे हीटर आणले, ते एकदम लावल्यावर फ्यूज उडाला आणि घरही अंधारलं; तो बदलून एकच लावला. बायकोने ओव्हनमध्ये रताळी भाजायला लावली, निदान स्वयंपाकघर तरी तापेल म्हणून. काका दर पाच मिनिटांनी थर्मामीटर बघून आकडा ओरडून सांगत. पन्नास. एकावन्न. बारापर्यंत कसेबसे चोपन्न झाले.

मुलगा आला. त्याने जॅकेट काढलं नाही. थर्मामीटर बघितला, गोधडी बघितली आणि बापाकडे बघितलं. "बाबा, आय ॲम सॉरी, पण धिस इज नॉट ओके," तो हळू आवाजात म्हणाला. मी म्हटलं, "अरे, आज काकू आमच्याकडे राहतील, उद्या सकाळी घर गरम होईल." आता काका उसळतील आणि बर्कलीत शिकलेल्या मुलाला उष्णतेचे नियम शिकवतील, असं मला वाटत होतं. काका खुर्चीत बसले. "नको रे," ते म्हणाले. "आज मी चुकलो. उद्या परत चुकलो तर? तिला घेऊन जा." इतकं बोलून ते काकूंची औषधं डबीत भरायला उठले. त्या क्षणी मला काका पहिल्यांदाच म्हातारे वाटले, आणि फार वाईट वाटलं.

काकू चार दिवस आमच्याकडे राहून अल्फारेटाला गेल्या. काका मागे राहिले ते विटा बाहेर काढून घरात हीट पंप, म्हणजे उलटा चालून ऊब देणारा एसी, बसवून घ्यायला. आधी खिडक्यांच्या फटी बुजवल्या, माळ्यावर कापसासारखं इन्सुलेशन घातलं, मग प्रत्येक खोलीत भिंतीवर एकेक यंत्र आलं. थंडी ओळखायची गरजच उरली नाही, बटण दाबलं की ऊब. फार कडाक्याची थंडी पडली तर जोडीला साधा हीटरही आहे. डॉक्टरांनी मात्र बाहेरच्या थंडीमुळे काकूंना बर्फ वितळेपर्यंत इकडे यायला मनाई केली आहे.

परवा काका घर दाखवायला घेऊन गेले. ते स्वतः दिवसभर बैठकीतच असतात, तरी बेडरूममधलं यंत्र सत्तरवर चालू होतं. मी म्हटलं, "काका, रिकामी खोली कशाला तापवताय? हे तर बटण दाबलं की तासाभरात गरम होतं."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "पण ती आली, तर तिने एक तास तरी का थांबायचं?"

बाहेर पडताना आतली ऊब निसटू नये म्हणून मी खोलीचं दार तेवढं पटकन लावून घेतलं.