मागे नेलेली तारीख

आप्पा रिटायर झाले आणि वर्षभरात माणूस अर्धा झाला. उधन्याच्या साडी कारखान्यात तीस वर्षं डिझाइन काढलेला माझा बाप लिंबायतच्या आमच्या घरात दिवसभर खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा बघायचा. जेवा म्हटलं की जेवायचा, एवढंच. आई जाऊन दहा वर्षं झालेली, घरात आम्ही दोघंच. हे असेच बसल्या बसल्या संपून जातील, अशी मला धास्तीच बसली.

म्हणून मी नवा कॉम्प्युटर आणला. बॉर्डर, बुट्टे, पदर काढायच्या त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडी घरात होतीच. मोठ्या तोऱ्यात टाकली. चालेना! जुन्या सिस्टिमसारखं चालव, असा एक पर्याय असतो, तोही देऊन पाहिला. मग निदान सुरू झालं, पण मुदत संपल्याचं सांगून लगेच बंद. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. मुदत वाढवून घेणार कोणाकडून, कपाळ? दोन रविवार त्यात गेले. शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवणारी बाई मी, आणि घरी ही शोभा.

तिसऱ्या रविवारी आप्पा खिडकीतूनच म्हणाले, "तारीख मांगे करी का?"

कारखान्यात म्हणे सगळे तेच करायचे. सकाळी आधी अगरबत्ती, मग कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागं, मग काम.

"अहो, मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"तू इचारं कधी?"

तारीख मागं नेली आणि खरंच चाललं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा आपले आपणच सगळं करून कामाला बसू लागले. आठवडाभरात भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर सुरू झाली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मग एका संध्याकाळी मला मुलांचे मार्क शाळेच्या साइटवर भरायचे होते. साइट उघडेना, तुमच्या कॉम्प्युटरची तारीख चुकलीय म्हणे. ती पुढं आणावी तर आप्पांचं काम बंद पडणार, आणि त्यांचा पदर अर्धा राहिलेला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आधी यांनी काय काय सेव्ह केलंय ते बघू, मग बोलते. यादी उघडली. चौदा डिझाइनं, रोजचं एक, आणि चौदाही फायलींवर तारीख एकच. आई गेली, त्याच्या आदल्या दिवसाची.

"आप्पा, रोज हीच तारीख?"

"मांगे जावानंच शे, तं मी तुनी माय व्हती तठे जास," ते म्हणाले, आणि पुन्हा पदरावरची पानं काढायला लागले.

मला रडूच फुटलं. मार्क मी मोबाइलवर भरले, एकेक आकडा टिपत. दोन तास लागले. लागू देत.